बदामाच्या पानांची माती

७ जानेवारी

मालक म्हणाले, "ढीग लावणार असशील तर लिहून ठेव. पानं कधी भरलीस, पाणी कधी दिलंस. नाहीतर पुढच्या वर्षी मलाच विचारत बसशील." मी म्हटलं, मालक, माझी शाळा चौथीत सुटली. तर म्हणतात, "पानं काय वाचायला येणार आहेत?" हा माणूस असा बोलतो की उलट बोलायला जागाच ठेवत नाही. म्हणून ही वही.

तर आज पानं भरली.

का भरली तेही लिहिते. मी रोपवाटिकेत कुंड्या धुते. सकाळी हौदात हात घातला की संध्याकाळी बाहेर. नखांच्या कडेला भेगा पडल्यात, मीठ हाताळलं की डोळ्यांत पाणी येतं. बियांच्या शेडमध्ये जी बाई होती ती लेकाकडे राहायला गेली. तिथं स्टूल आहे, सावली आहे, हात कोरडे राहतात. मी म्हटलं, मला द्या ती शेड. मालक म्हणाले, "विकतच्या मातीत बी धरत नाही. मला कुजलेल्या पानांची माती पाहिजे. शेण नको, खरकटं नको, नुसती पानं. ती करून दाखव, शेड तुझी."

"किती दिवस लागतात?"

"वर्ष."

मी हसले. त्यांना वाटलं, आनंदानं हसले.

८ जानेवारी

पानांना तोटा नाही. जाऊबाईंचं बदामाचं झाड आहे भिंतीपलीकडे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा अंगणात मधोमध भिंत घातली. झाड त्यांच्याकडे गेलं, नळ आमच्याकडे आला. सावली त्यांच्याकडे पडते. पानं मात्र सगळी आमच्याकडे. ताटलीएवढं एकेक पान, लाल होऊन दाणकन पडतं. वीस वर्षं झाडतेय.

काल मोरीमागे चार खुंट ठोकले, कोंबड्यांची जुनी जाळी गुंडाळली, आत पानं टाकली, पायांनी तुडवली, वर पाणी ओतलं. मोरीमागचं भिंतीवरून दिसत नाही, म्हणून तिथं. जाऊबाईंना कळलं की पानांना काही किंमत आहे, तर एक पान इकडे येऊ द्यायच्या नाहीत. झाडाला चादर बांधतील.

ह्यांनाही सांगितलं नाही. ह्यांचं किल्ल्यांचं दुकान आहे. जगाची कुलपं उघडतात, स्वतःच्या तोंडाला मात्र एक लावता येत नाही. म्हणाले, "जाळीत काय भरतेस?" म्हटलं, "कचरा. कुठे टाकू? तुमच्या दुकानात?" किल्ल्यांचा जुडगा उचलून निघाले.

११ जानेवारी

आम्ही जावा एकमेकींशी बोलत नाही. म्हणजे मी बादलीशी बोलते आणि त्या खराट्याशी बोलतात. ऐकायचं ते ऐकू जातं.

आज मुद्दाम जोरात म्हटलं, "बघ गं बादले, काय हा कचरा! लोकांनी झाडं लावायची आणि आपण कंबर मोडायची. तोडून टाकायला पाहिजे असलं झाड!" रोज ओरडणारी मी, एकदम गप्प बसले तर त्यांना संशय येईल ना. डोकं लागतं अशा कामाला.

तिकडून उत्तर आलं. "ऐकलंस का रे खराट्या? झाडाला आता शाळेत घालू या, वळण लागेल."

मला हसू येणार होतं. दाबलं.

२ फेब्रुवारी

ढीग उघडून पाहिला. पानं आहेत तशीच. लाकडानं वरखाली केला.

३ फेब्रुवारी

पुन्हा उघडला. तशीच आहेत.

५ फेब्रुवारी

तशीच! चांगला खालून वर ढवळला. काही फरक नाही. उलट खालची पानं वर आली नि कडकडीत वाळली.

मालकांना सांगितलं. म्हणाले, "ढवळलंस? भाजी आहे का ती, खाली लागेल म्हणून ढवळायला? ओलं कर आणि विसरून जा."

विसरून जा म्हणे. मोरीत जाताना दिवसातून दहा वेळा समोर दिसतो तो ढीग. दहा वेळा कसा विसरायचा?

२० फेब्रुवारी

पाणी दिलं. ढवळलं नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

भिंतीपलीकडून आवाज आला, "खराट्या, हे लोक रोज पाणी कुणाला पाजतात रे? गुरं तर नाहीत घरात. हां, एक आहे म्हणा."

एक म्हणजे कोण, हे दिवसभर डोक्यात होतं. ह्यांना विचारलं, मी आडदांड दिसते का? म्हणाले, "मला दुकानात जायला उशीर होतोय."

१४ मार्च

ह्यांनी आजही चहा नको म्हटलं. दुकान बंद करून येतात ते हल्ली चहा घेतच नाहीत. आणि येतातही उशिरा. पोट बिघडलं असणार. ओवा दिला. तोंड वाकडं करून खाल्ला, पण खाल्ला.

जेवताना म्हणाले, वहिनींचे गुडघे फार दुखतात. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे चालण्यावरून. भिंतीवरून गुडघे दिसतात का? पण हे उंच आहेत, दिसत असतील.

मी म्हटलं, दुखू देत. वीस वर्षं दुसऱ्याच्या अंगणात पानं पाडली की असंच होतं.

ह्यांनी पुढ्यातलं ताट संपवलं. ओवा मागितला नाही, म्हणजे बरं वाटत असावं.

९ मे

चोरी!

ढीग माझ्या छातीला लागत होता. आज पाहते तर कंबरेखाली. जाळी तशीच, खुंट तसेच, पानं निम्मी. मोरीमागे आमच्याशिवाय दुसरं येणार कोण? भिंतीवर चढून येणारं एकच माणूस मला माहीत आहे, गुडघे दुखोत नाहीतर न दुखोत.

बादलीला सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय सांगणार? माझा कचरा चोरलात? मग कचऱ्याचं काय करतेस, असं खराटा विचारणार. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे खरी तक्रार होती आणि ती करता येईना. जेवण गेलं नाही.

१६ मे

चोरी कळली त्याच दिवशी ढिगावर आडवातिडवा दोरा बांधला होता. आठवडाभर दोरा जागचा हलला नाही. पण ढीग दोऱ्याच्या खाली उतरला. दोरा वर, पानं खाली, मधून हात जाईल एवढी जागा. ही बाई दोरा न हलवता पानं काढते. पहिल्यापासून सांगतेय, साधीसुधी नाही ती.

१८ मे

मालकांना विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी पहारेकरी आहे का. कारण सांगितल्यावर ते कुंड्यांच्या राशीवरच बसले. हसून हसून दोन कुंड्या फोडल्या. म्हणाले, "बाई, कुजतंय म्हणून बसतंय. पाच पोती पानं भरलीस तर एक पोतं माती मिळायची."

एक पोतं! हे आधी सांगायला मालकांची जीभ झडली होती का? म्हटलं, एका पोत्यात तुमची शेड चालेल?

"अर्धं वर्ष चालेल. पुढच्या पानगळीला दुसरा ढीग लाव. ह्या वर्षीची माती हातात आणि पुढच्या वर्षीचा ढीग भरलेला, असं दाखव. मग शेड तुझी. एकदा केलं आणि संपलं, असं नको मला."

म्हणजे पुन्हा बदामाची पानं लागणार. मरेपर्यंत लागणार. आता जाऊबाईंचं झाड जगलं पाहिजे. देवा, त्यांनाही ठेव. त्यांच्यामागे घर विकलं आणि नव्या माणसानं झाड तोडलं तर?

चोरीचा आरोप मी मनातच केला होता, त्यामुळे मागे घ्यायचा प्रश्न येत नाही.

३० जुलै

पाऊस आहे. पाणी घालायला लागत नाही. लिहायला काही नाही.

हे आजही उशिरा आले. डोक्यावर छत्री जाऊबाईंची. म्हणाले, वाटेत सापडली.

६ सप्टेंबर

आज मोठ्या भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली. ते गेले तेव्हा मी चार दिवस पलीकडे जाऊन स्वयंपाक केला होता. चार दिवसांत एक शब्द बोललो नाही आम्ही. पाचव्या दिवशी त्या खराट्याला म्हणाल्या, आमटी अळणी होती. मी घरी निघून आले.

आज पलीकडे दिवसभर आवाज नाही. अंगण झाडल्याचाही नाही. मी बादली दोनदा मुद्दाम आपटली. काही नाही.

संध्याकाळी बादलीला म्हटलं, "काय गं, लोक जिवंत आहेत ना?" पलीकडून बऱ्याच वेळानं, "आहेत." खराट्याचं नाव न घेता. मग मी आत आले.

११ नोव्हेंबर

ढिगात पांढरे धागे झालेत. बुरशी! एवढ्या दिवसांची मेहनत सडली. मूठभर घेऊन धावत मालकांकडे गेले, रडायचंच बाकी होतं. त्यांनी वास घेतला, मला घ्यायला लावला. रानात दगड उलटल्यावर येतो तसा वास. म्हणाले, "हेच पाहिजे होतं. सडलं असतं तर नाक धरून आली असतीस." खाली काळी, मऊ माती झालीय. मुठीत दाबली तर गोळा होतो, बोट लावलं की फुटतो.

मी केलं हे. कुणाला सांगायचीही सोय नाही.

१५ डिसेंबर

बदाम लाल व्हायला लागला. काय रंग चढलाय! वीस वर्षांत कधी मान वर करून पाहिला नव्हता.

ओरडायला सुरुवात केली. यंदा जरा जास्तच. "बादले, माझी कंबर गेली गं! ह्या झाडापायी मी एक दिवस मरणार! आता ते तरी राहील नाहीतर मी तरी!" आवाज असा लागला की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला.

खराटा गप्प. उत्तरच नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं.

रात्री ह्यांनी विचारलं, "खरंच एवढा त्रास होतो का गं?" मी म्हटलं, मग काय खोटं सांगते? दुसऱ्या जाळीत रोज कचरा भरतेय, दिसत नाही का? ह्यांनी मान हलवली. गंभीर झाले होते. बायकोची काळजी वाटायला तीस वर्षं लागली माणसाला. तरी बरं.

२ जानेवारी

हे आज खुशीत आहेत. म्हणाले, "तुझ्या मनासारखं एक होणार आहे." काय ते सांगेनात. पहिल्यांदाच काहीतरी पोटात ठेवलंय. मला वाटतं कपाट. जुन्याचं दार निसटलंय, त्याला मी रोज लाथ घालते, ते पाहिलं असेल.

कपाट ठेवायला जागा केली.

५ जानेवारी

घात झाला!

जाऊबाईंच्या अंगणात एक झाडतोड्या आलाय. खांद्यावर दोर. बुंध्याला हात लावून पाहतोय, वर बघतोय, फांद्यांवर बोट दाखवतोय. जाऊबाई खराट्याला म्हणाल्या, आणि चांगलं खणखणीत म्हणाल्या, "झालं रे बाबा! उद्यापासून कुणाची कंबर मोडायची नाही, कुणाला मरायला नको."

त्यांना कळलंय. ढीग पाहिला असणार. मला शेड मिळू नये म्हणून झाड तोडतायत. स्वतःच्या नवऱ्यानं लावलेलं झाड! वैर करावं, पण इतकं?

आणि मी काय म्हणणार? झाड तोडू नका म्हणणार? वीस वर्षं बादलीसमोर जे सांगितलं ते गिळणार? त्यापेक्षा कुंड्या धुवीन. जन्मभर धुवीन. बोटं गळून पडली तरी चालतील.

हे म्हणाले, "कपाटाशेजारची जागा कशाला रिकामी केलीस?" मी सगळं सामान पुन्हा तिथंच आणून ठेवलं.

६ जानेवारी

सगळं सविस्तर लिहिते.

सकाळी करवतीचा आवाज आला. मी चुलीपुढे बसले होते, उठणार नव्हते. मग काड्काड करून मोठी फांदी पडली. भिंतीवरून आमच्याकडे येणारी तीच. तिच्याबरोबर लाल पानांचा सडा पडला आणि मला काय झालं कोण जाणे. पायात चप्पल नाही, हातात उलथणं, तशीच रस्त्यानं फिरून त्यांचं फाटक ढकललं.

"थांबव रे! उतर खाली!"

झाडतोड्या वरून म्हणाला, "तुम्ही कोण?"

"पानांची मालकीण!"

जाऊबाई अंगणात उभ्या. खराट्याकडे बघून म्हणाल्या, "बघ रे, झाड होतं तेव्हा ओरडत होती, तोडतोय तरी ओरडतेय."

माझी बादली घरी. बोलायचं तर तोंडावरच बोलावं लागणार. म्हटलं, "जाऊबाई, ती पानं माझी आहेत."

त्यांनी खराटा खाली ठेवला. "तुझी? कशी?"

"माझ्या दारात पडतात. वीस वर्षं मी झाडते. झाड तुमचं असेल, पानं माझी. मला न विचारता हात लावायचा नाही."

"अगं, तूच म्हणत होतीस ना तोडा म्हणून?"

"म्हणायची गोष्ट वेगळी! म्हटलं की लगेच कुणी करतं का?"

"लगेच? वीस वर्षांनी?"

वरून झाडतोड्या म्हणाला, "बायांनो, काय ते ठरवा. मी फांदीवर आहे."

एवढ्यात हे आले, दुकानातून धावत, हातात कानस. "अगं, मीच सांगितलं वहिनींना. तुझी कंबर, तो कचरा... मला वाटलं तुला बरं वाटेल."

म्हणजे कपाट नाही, हेच होतं मनासारखं!

"तुम्ही ह्यांच्याशी कधी बोललात?"

"रोज बोलतो," जाऊबाई म्हणाल्या. "चहा पितो माझ्याकडे. दोन चमचे साखर लागते त्याला, घरी एकच मिळते म्हणतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कानशीकडे पाहत होते. आणि मी मार्चपासून ह्यांना ओवा चारतेय!

"तू मला का नाही सांगितलंस, पानं हवीत म्हणून?" हे म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर ह्यांना कळलं असतं."

"कळलं असतं तर काय बिघडलं असतं?" जाऊबाई म्हणाल्या.

मग त्यांना मोरीमागे नेलं. वाटेत दोनदा भिंतीला टेकल्या, गुडघे खरंच गेलेत. वाकून मूठभर माती उचलली, हुंगली, बोटांनी चुरली. मग म्हणाल्या, "चाळली नाहीस. काड्या आहेत ह्यात."

मोठी जाऊ ती मोठी जाऊ.

मी विचारलं, पण झाड तोडायला तुम्ही तयार कशा झालात? भाऊजींनी लावलेलं ते. म्हणाल्या, "मला वाटलं, तेवढं एक गेलं की तू एखादे दिवशी सरळ बोलशील. मग परवा मनात आलं, तू ओरडलीच नाहीस तर दिवसभर घरात आवाज कसला? रात्रभर झोप नाही." ह्या दोन गोष्टी एका बाईच्या डोक्यात एकदम कशा राहतात, मला कळलं नाही. गुडघ्यांच्या औषधानं होत असेल.

झाडतोड्याला उतरवला. उरलेलं झाड राहिलं.

२० जानेवारी

माती चाळून त्याच आठवड्यात मालकांना दिली होती. त्यांनी ती ट्रेमध्ये भरून बी टाकलं होतं, आज सगळं उगवून आलं, एकही जागा रिकामी नाही. पण दुसरा ढीग अजून अर्धाच आहे म्हटल्यावर म्हणाले, "शेड घे. ढीग ह्या महिन्यात भरून दाखव, नाहीतर पुन्हा हौद."

स्टुलावर बसले. एक पाय आखूड आहे स्टुलाचा. बसले तरी.

२६ जानेवारी

घोटाळा असा झालाय की भिंतीवरून येणारी फांदीच गेली. आता एक पान आमच्याकडे पडत नाही, सगळी जाऊबाईंच्या अंगणात. म्हणजे रोज शेडमधून सुटलं की पोतं घेऊन फाटकातून त्यांच्याकडे जायचं. त्यांना वाकवत नाही, त्या खुर्चीत बसून सांगतात, तिकडचं राहिलं, इकडचं राहिलं. मध्येच चहा टाकायला उठतात. हेही तिथंच असतात, दोन चमचेवाले. मग कुणाचं लग्न कसं मोडलं, भाऊजी पहिल्यांदा झाड लावताना कसे खड्ड्यात पडले, असल्या गोष्टी. अर्ध्या पोत्याच्या कामाला अंधार पडतो. बाई दहा शब्दांचं शंभर शब्दांत सांगते आणि मधला भाग विसरली की पहिल्यापासून सुरू करते.

असं चालायचं नाही. ढीग कधी भरायचा? उद्या मालकांना सांगून अर्धा तास लवकरच निघते, म्हणजे खड्ड्याची गोष्ट तरी पुरी होईल.